सगळ्या खुणा हिरव्या

तंजावूर, १० जून २०२४

सरस्वती,

श्रीविद्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस, असं पुण्याला जाताना तू स्टेशनवर म्हणालीस. काढते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

फोन केला असता. पण फोन तू उचलत नाहीस, सेतुमाधव उचलतो आणि "अम्मा देवळात गेली आहे" म्हणतो. पुण्यात इतकी देवळं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून पत्र. पाकिटावर 'वैयक्तिक' असं ठळक लिहिलं आहे, कारण तुझ्याकडे सुनेला मराठी वाचता येतं. इथे मराठीत लिहिलेला कागद राजवाड्याच्या दरवाजावर चिकटवला तरी कुणाला काही कळणार नाही. आपले अण्णा गेल्यापासून या गल्लीत देवनागरी वाचणारी मी एकटीच उरले असेन.

तुझी मुलगी जिवंत आहे, पापनाशमला सासरीच आहे. तुला अर्धंच माहीत आहे, तेव्हा एकदा सगळं नीट लिहिते. न्हाणीघरात पडल्यावर तिची पाठ धरली, हे तुला माहीत आहे. तिचा नवरा रघुराम औषधांच्या घाऊक दुकानात कामाला, त्यामुळे दुखण्यावरच्या गोळ्या घरातच होत्या. ती गोळी अफूच्याच घराण्यातली. मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, मला तिचा आराखडा फळ्यावर काढून दाखवता येईल. त्याने काय फरक पडतो? पाठ बरी झाली, गोळी सुटली नाही. नवरा आधीपासून घेत होताच. मग दोघं ती विरघळवून सुईने घ्यायला लागली. एकाच सुईने. तू इथे होतीस तेव्हा तुला समजलं ते इथपर्यंत, आणि तू सगळ्या नातेवाइकांना "मला एकच मुलगा" असं सांगून गाडीत बसलीस.

पुढचं असं. मार्चमध्ये रघुरामला ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. श्रीविद्याची तपासणी केली, तिला नाही. मी पुन्हा लिहिते: तिला नाही. आता ते 'नाही' तसंच ठेवायचं, एवढं एकच काम माझ्यापुढे आहे.

इथल्या सेंटरवर तिला दोन गोळ्या देतात. एक जिभेखाली ठेवायची, त्याने सुईची ओढ लागत नाही. ही गोळी ती विसरत नाही, शरीर मागून घेतं. दुसरी रोज संध्याकाळी गिळायची, एचआयव्ही होऊ नये म्हणून. ही कुणीच मागत नाही. हिची आठवण करून द्यावी लागते.

त्यासाठी एक अ‍ॅप आहे, 'आडोसा' नावाचं. सेंटरवरच्या कनकलताने, म्हणजे तिथल्या कौन्सेलर मुलीने, ते श्रीविद्याच्या फोनवर घालून दिलं. नशा सोडणाऱ्या बायकांसाठीच आहे. फोनवर पाणी घालायच्या झारीचं चित्र दिसतं, कुणाला वाटेल बागकामाचं काहीतरी. दिवा लावायच्या वेळेला घंटा वाजते, गोळी घेतली की हिरवं बटण दाबायचं, नाही घेतली की लाल. दर शनिवारी सुईबद्दल प्रश्न विचारतात. मनातलं काही असेल तर लिहून विचारता येतं, कनकलता उत्तर देते. आणि घरचं एक माणूस 'सोबतीण' म्हणून जोडता येतं. ती मी. माझ्या फोनवर रोज एक खूण उमटते.

अडचण एकच होती. संध्याकाळी तिचा फोन सासूच्या हातात असतो, भजनं ऐकायला. वरलक्ष्मीबाईंना तमिळ चांगलं वाचता येतं, दिराला इंग्रजी. रघुरामने घरात लिव्हरचा आजार सांगितला आहे. खरं कळलं तर दोघांना त्या घरात जागा नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर श्रीविद्या नवऱ्याला सोडून यायला तयार नाही. ते अ‍ॅप महाराष्ट्रात तयार झालं आहे, त्यात मराठी आहे. मी तिथल्या तिथे मराठी निवडलं. तिच्या सासरचं आडनाव तेवढं मराठी, भाषा तीन पिढ्यांपूर्वीच गेली. "बघ," मी तिला म्हटलं, "आता त्या घरात कुणाच्या बापाला वाचता येणार नाही." कनकलता म्हणाली, "टीचर, तुम्ही गुप्तहेर खात्यात जायला हवं होतं."

तीन आठवडे झाले. सगळ्या खुणा हिरव्या आहेत. तुला कळवावं असं वाटलं. उत्तर लिही.

अक्का


तंजावूर, ८ जुलै २०२४

सरस्वती,

तुझं पत्र मिळालं. पुण्यात पाऊस चांगला झाला, सेतुमाधवला बढती मिळाली, तुझे गुडघे दुखतात. तिन्ही गोष्टींबद्दल योग्य त्या भावना. चौथी ओळ मी पाकीट उलटून शोधली.

मी काय विचारते आहे ते तुला कळत नाही असं मी धरून चालत नाही. तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. अण्णा संध्याकाळी ओसरीवर पाटी घेऊन बसायचे, तेव्हा माझ्याआधी तू बाराखडी संपवलीस आणि आयुष्यभर ऐकवलीस.

इथलं सांगते. खुणा हिरव्याच आहेत. एकही लाल नाही. मला मात्र त्या अ‍ॅपचा राग यायला लागला आहे. ते सोबतिणीलाही दर रविवारी विचारतं, "आज मन कसं आहे?" आणि पाच तोंडं दाखवतं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. माझं तोंड त्यात नाही. मी तक्रारीच्या जागी लिहिलं की त्रासलेलं तोंड घाला. उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." हे उत्तर माणसाने लिहिलं नाही, हे मला कळतं. वर्गात असंच उत्तर देणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे.

शनिवारी श्रीविद्या सेंटरवर येते, तिथून माझ्याकडे. घरी शिवणाच्या क्लासला जाते असं सांगितलं आहे. बारीक झाली आहे, पण हात थरथरत नाहीत. मी डबरा-पेल्यात कॉफी दिली. विचारलं, "ते अ‍ॅप काय लिहितं गं रोज?"

"छान लिहितात, मावशी."

"छान म्हणजे काय?"

"छानच."

मला वाटलं, लाजते. त्या विषयावरचं लिखाण आपल्या मावशीला वाचून दाखवायला कुणीही लाजेल.

तुझ्याबद्दल तिने विचारलं नाही. पण निघताना तुझ्या जुन्या शालीवरून, जी तू माझ्याकडे विसरलीस, हात फिरवून गेली. हे मी सांगणार नव्हते.

अक्का


तंजावूर, ३० जुलै २०२४

सरस्वती,

बस. बसून वाच.

गुरुवारी मी सेंटरवर गेले होते, पेरू द्यायला. कनकलता फोनवर कुणाला तरी ओरडत होती, एका हाताने मला खुर्ची दाखवली. फोन ठेवून म्हणाली, "टीचर, श्रीविद्याने दुसऱ्या गोळीची नवी डबी नेलीच नाही. दोन महिन्यांची दिली होती, ती संपून गेली असणार."

"मग तू विचारलं नाहीस?"

"अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं आहे ना. हिरव्यांना आम्ही विचारत नाही, टीचर. लाल असलेल्यांच्या मागे धावता धावताच माझी चप्पल झिजली."

मी तशीच उठून पापनाशमची बस पकडली. विहीणबाई देवळात भजनाला गेल्या होत्या, हे देवाचे उपकार. श्रीविद्या गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घालत होती. मला पाहून तिच्या हातातलं ताट कलंडलं.

"डबी आण," मी म्हटलं.

ती हिंगाच्या डब्यात लपवते. घेऊन आली. मी उघडली नाही, नुसती हलवली. आवाजावरूनच कळलं. अर्ध्याहून जास्त भरलेली.

"रोज हिरवं दाबतेस. मग हे काय आहे?"

"मी घेते, मावशी. अशक्त वाटलं की घेते."

"अशक्त वाटलं की?"

"शक्तीची गोळी आहे ना ती?"

सरस्वती, कनकलताने तिला पहिल्याच दिवशी तोंडाने सगळं समजावलं होतं. पण त्या आठवड्यात सुई सोडल्यामुळे तिचं अंग मोडत होतं, घाम फुटत होता, तिच्या कानात काही शिरलं नसणार. म्हणून तर अ‍ॅप. त्यात सगळं परत लिहिलेलं आहे, सोप्या शब्दांत, चित्रांसकट. मी तिचा फोन घेतला, अ‍ॅप उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"वाच."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"मी म्हटलं, वाच."

"वाचता येत नाही, मावशी."

"काय?"

"हे अक्षर मला वाचता येत नाही. शाळेत तमिळ नि इंग्लिश होतं. हे मला कोण शिकवलं?"

"रामनवमीला तू पोथी वाचायचीस! अख्खं घर ऐकायचं!"

"पोथी धरायची. अम्मा म्हणायची ते ऐकून पाठ झालेलं. पानं मी अंदाजाने उलटायची."

मला आठवलं, ती तिरुवैयारूला गाणं शिकायला जायची तेव्हा गुरू म्हणायचे, या मुलीला एकदा ऐकवलं की पुरे. आपण कौतुक करत बसलो. तुलाही माहीत नव्हतं ना? की माहीत होतं?

"मग हिरवं का दाबत होतीस?"

"ते दाबलं की घंटा बंद होते. लाल दाबलं तर थोड्या वेळाने परत वाजते. घरात सगळे बघतात."

"मला सांगायचं होतंस!"

"तू किती खूश होतीस, मावशी. म्हणालीस, या घरात कुणालाच वाचता येणार नाही." ती हसली, आणि तिला हसावंसं वाटत नव्हतं हे मला दिसत होतं. "खरंच कुणालाच येत नव्हतं."

चूक माझी. ही एक ओळ लिहिली, दुसरी लिहिणार नाही.

शनिवारचे प्रश्न मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. "या आठवड्यात दुसऱ्याने वापरलेली सुई घेतलीस का?" यालाही ती दर शनिवारी हिरवं दाबत आली होती, आणि हिरवं म्हणजे 'नाही'. ती वाळत घातलेल्या वडामांकडे बघत होती.

"एकदा," ती म्हणाली.

"कधी?"

"दहा-बारा दिवस झाले. त्याला बरं नव्हतं, रडत होता. मला राहवलं नाही."

दुसऱ्याच दिवशी आली असती तर महिनाभराचं वेगळं औषध देता आलं असतं. ती वेळ उलटून गेली होती. तिला मी परतीच्या बसने इथे आणलं. रक्त दिलं. निकाल: नाही. पण डॉक्टर म्हणाले की इतक्या लवकर ते दिसतंच असं नाही, ऑक्टोबर संपताना पुन्हा बघू, तोवर रोजची गोळी एकही चुकता कामा नये.

एकही.

अक्का


तंजावूर, १४ ऑगस्ट २०२४

सरस्वती,

सेतुमाधवचा निरोप आला. "अम्माला अशा पत्रांचा त्रास होतो, मावशी, तिला ब्लडप्रेशर आहे." ब्लडप्रेशर मलाही आहे. मी गोळी घेते. रोज.

आता माझं ऐक, मला तुझ्याकडून काम आहे.

अ‍ॅप तमिळमध्ये करता येत नाही, कारण सासू. इंग्रजीत नाही, कारण दीर. मराठीत नाही, कारण श्रीविद्या. गंमत बघ, तिला मराठी आपल्याइतकंच समजतं, फक्त कानाने. तेव्हा मी त्या अ‍ॅपवाल्यांना लिहिलं की वाचता न येणाऱ्या बायकांचं काय? पुन्हा माझा अभिप्राय मोलाचा ठरला. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा एका खऱ्या मुलीने फोन केला. पुण्याची असावी, माझं बोलणं ऐकून आधी तिने विचारलं, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, मूळची इथलीच, साडेतीनशे वर्षं. मग ती भानावर आली. म्हणाली, घंटेच्या जागी आपल्या माणसाचा आवाज भरून ठेवायची सोय आहे, सेटिंगमध्ये आत कुठेतरी. आत कुठेतरी! जी गोष्ट दारात ठेवायची ती यांनी माळ्यावर ठेवली. बटणाऐवजी आवाजात उत्तर घेता येतं, तेही तिथेच. सापडलं मला, एक सकाळ खर्चून.

मी माझा आवाज भरला. "श्रीविद्या, वेळ झाली. गोळी घे. घेतल्यावर तसं सांग." चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिने फोनच बंद करून ठेवला. शनिवारी विचारलं तर म्हणते, "मावशी, तू आठवण करतेस की हजेरी घेतेस? तुझा आवाज आला की मला गृहपाठ केला नाही असं वाटतं."

"मग केलास का?"

"बघ! बघ, हेच!"

कनकलता तोंडावर हात ठेवून हसत होती. मी दोघींना ओरडले.

दुसरं असं की विहीणबाईंनाही शंका आली. रोज संध्याकाळी मावशी कशाला ओरडते? मावशी रोज ओरडत नसते. आई रोज बोलू शकते. लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या मुलीला आईने रोज दिवेलागणीला फोनवर काही सांगितलं तर जगात कुणीही मान वर करून बघणार नाही.

तेव्हा तुझा आवाज पाठव. माया नको, क्षमा नको, रडणं तर मुळीच नको. तू तिच्याशी बोलायचंच नाहीस. फोनमध्ये एकटीने एक वाक्य बोलायचंस, ते मला पाठवायचंस, पुढचं मी करेन. गोळीचं नावही घ्यायचं नाही. म्हणायचं, तुळशीला पाणी घातलीस का. तिला कळेल. बाकी कुणाला कळणार नाही.

रघुरामबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, माझ्याही मनात तेच आहे. तो आता उपचार घेतो, नीट घेतो. पण मी तुझ्याकडे त्याच्यासाठी काही मागत नाही.

तू म्हणशील, अक्का, तिने माझी मान खाली घातली. घातली असेल. मान खाली घालून एक वाक्य बोलता येतं.

अक्का


तंजावूर, २ सप्टेंबर २०२४

सरस्वती,

तुझं रेकॉर्डिंग सेतुमाधवच्या फोनवरून आलं. सोबत एक शब्द नाही. ठीक आहे, मी शब्द मागितला नव्हता, आवाज मागितला होता.

पण हा आवाज कुणाचा आहे?

"श्रीविद्या बाळा, तुळशीला पाणी घातलंस का? नसेल घातलं तर आठवणीने घाल हं." हं! बाळा! जन्मात तू तिला बाळा म्हणाली नाहीस. मी तिला ऐकवलं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, ही कोण? रेडिओवरची बाई?"

"तुझी अम्मा आहे."

"नाही. अम्मा असं बोलत नाही."

तिने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग तिला हसू यायला लागलं, आणि या वेळी ते खरं होतं, पदर तोंडात कोंबून. "अय्यो, मावशी, हिला पुण्यात काय केलं?" हसता हसता उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले नाही.

मला समजतं. तिथे तू तोंड उघडलंस की भाजीवाल्यापासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळे गालात हसतात, म्हणून तू त्यांच्यासारखं बोलायला शिकलीस. तिथे बोल. ज्या आवाजाने तिने आयुष्यभर पोथी पाठ केली तो इथे पाठव. घरातला. जो आवाज आला की शेजारचे सांबशिव मामा वाचत असलेला पेपर खाली ठेवायचे तो. तू कशी बोलायचीस हे तुला मी लिहून द्यायचं का? देते. "विद्ये! तुळशीला पाणी घातलीस का गे? घातल्याबिगर पानावर बसू नको, सांगून ठेवते." असं. हाक पहिल्यांदा.

सून ऐकेल म्हणून लाजत असशील तर गच्चीवर जा.

गेल्या महिन्यात दोन गोळ्या चुकल्या. मला हे अ‍ॅपने सांगितलं नाही, तिने स्वतः सांगितलं. ते तिच्या बाजूने मोजते. पण दोन चुकल्या.

अक्का


तंजावूर, ४ नोव्हेंबर २०२४

सरस्वती,

आधी निकाल. नाही.

डॉक्टरांनी कागद तिच्या हातात दिला, तिने तो माझ्या हातात दिला, म्हणाली, "मावशी, तू वाच." इंग्रजीत होता, तिला वाचता येतो. मी वाचला. नाही. कनकलताने लगेच पुढच्या तपासणीची तारीख सांगितली, फेब्रुवारीतली. म्हणजे आनंदही हप्त्याहप्त्याने. पोरगी वैतागलेली होती, तिच्या फोनवर आणखी तीन बायका लाल झाल्या होत्या आणि अ‍ॅपवाल्यांनी नवा रंग आणला आहे, केशरी, त्याचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही.

तुझं दुसरं रेकॉर्डिंग सप्टेंबरच्या मध्याला आलं. मागे कावळा ओरडतो आहे, म्हणजे तू गच्चीवर गेलीस. हाक इतकी जोरात दिलीस की माझ्या हातातला फोन पडला. तेव्हापासून तेच वाजतं. मी तुला लगेच कळवलं नाही, कारण मला आधी खात्री करायची होती. हिरव्या खुणांवर माझा विश्वास राहिलेला नाही. मी काल स्वतः पापनाशमला जाऊन बसले.

विहीणबाई फोनवर भजन ऐकत होत्या, मी शेजारी कॉफी पीत होते, श्रीविद्या आत रगड्यावर पीठ रुबत होती. दिवा लावायची वेळ झाली. भजन मध्येच थांबलं आणि त्या घरात तू ओरडलीस. "विद्ये!"

वरलक्ष्मीबाई दचकल्याही नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "घे गं, तुझी अम्मा बोलावते आहे." मग परत येऊन मला सांगतात, "तुमच्या बहिणीचं मला कौतुक वाटतं. इतक्या लांब राहून रोज तुळशीची चौकशी करते. हिला काही वळण नव्हतं हो, आता रोज न चुकता पाणी घालते. मी सुनेला म्हटलं, आधी अम्माचं ऐक, मग माझं भजन."

त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नाही. 'तुळशी' तेवढं कळलं, आणि तुझा आवाज. मला त्यांना फसवतो आहोत याचं वाईट वाटावं असं वाटत होतं. वाटलं नाही. तुळशीला पाणी खरंच रोज जातं, मी कुंडी बघितली, उलट जास्तच जातं आहे, मुळं कुजतील.

मी आत गेले. श्रीविद्या दाराकडे पाठ करून उभी होती. हिंगाचा डबा उघडा. गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी वरून ओतलं, गिळली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेला. नियमाप्रमाणे "झालं" एवढं म्हटलं की पुरे, तेवढ्याने माझ्याकडे खूण येते.

तिने खूण दिली. पण फोन खाली ठेवला नाही. त्याच्याशी हळू बोलत राहिली, आपल्या भाषेत. "घातलें, अम्मा. आज इडलीचं पीठ रुबते. पाठ जरा दुखते, पण तसली नाही. मावशी आली आहे, बाहेर बसून हेरगिरी करते." मला पाहिलं आणि हिंगाचा डबा बंद केला.

"रोज बोलतेस?" मी विचारलं.

"थोडंसं."

"ते रेकॉर्डिंग आहे, विद्या. पलीकडे कुणी नाही."

"माहीत आहे की, मावशी. मला वाचता येत नाही, अक्कल आहे."

सरस्वती, फोनमधली तू एक वाक्य ओरडतेस आणि गप्प होतेस. तिचं उत्तर माझ्याकडेही येत नाही. खूण येते, बोलणं येत नाही. ते त्या स्वयंपाकघरातच राहतं. मी त्या अ‍ॅपवाल्यांना आणखी एक पत्र लिहिणार होते, की याची काही सोय करा. मग म्हटलं, ही तक्रार त्यांच्याकडे करायची नाही.

तिचा नंबर तोच आहे. दिवेलागणीला विहीणबाई फोन सोडतात, तुझ्यासाठीच सोडतात. देवळात जायचं असेल तर त्यानंतर जा.

अक्का